बळ कोणाचे आणि योजना कोणासाठी: बदलापूरच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुंबई महानगर प्रदेशाची बलस्थाने आणि त्याच्या पुढच्या वीस वर्षांचे नियोजन या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल मनापासून आभार. प्रतिक्रिया कडक आहे. पण ती बदलापूर ते फोर्ट हा प्रवास अठ्ठावीस वर्षे रोज केलेल्या माणसाची आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. उत्तर लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. आपला पहिला आक्षेप असा की, ‘बळ’ हा शब्द बिल्डरांच्या जाहिरातीत शोभतो. नीती आयोग या प्रदेशाची अर्थव्यवस्था 14 हजार कोटी डॉलरवरून 2030 पर्यंत 30 हजार कोटी डॉलरवर नेण्याची गोष्ट करतो, पण त्यातले बदलापूरच्या फलाटापर्यंत काय येते? दुसरा आक्षेप, प्रादेशिक योजना होतात आणि कपाटात जातात: 1973 ची गेली, 1999 ची गेली, 2021 ची जाईल. तिसरा, वाढीचे नियोजन करण्यापेक्षा वाढच थांबवावी आणि रोजगार नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूरकडे न्यावा. शेवटी आपण मला विचारले आहे की, सकाळच्या गर्दीत लोकलच्या दारात उभे राहून मी कधी प्रवास केला आहे का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बदलापूरहून नाही, पण डोंबिवलीहून केला आहे, आणि अनेक वर्षे केला आहे. आमचे कुटुंब 1986 मध्ये लालबागच्या चाळीतून डोंबिवलीला आले. वडील सीएसटीला जाणारी गाडी पकडण्यासाठी आधी उलट दिशेने कल्याणला जात आणि त्याच गाडीतून बसून परत येत. ‘डाउन करून येणे’ हा शब्द मी शाळेत असतानाच शिकलो. पुढे माझी नोकरी ऐरोलीला लागली. डोंबिवलीहून निघालेली गाडी मुंब्रा, कळवा मागे टाकून खाडी ओलांडते आणि ठाण्याला येते. तेथे उतरायचे, पुलावर चढायचे, नऊ किंवा दहा नंबरच्या फलाटावर जाऊन नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बरची गाडी धरायची आणि तीच खाडी पुन्हा ओलांडून ऐरोलीला यायचे. सकाळी पावणेनऊच्या सुमारास त्या पुलावर आपण पाय उचलत नाही, मागची गर्दी आपल्याला पुढे नेते. डबा पोटाशी आणि बॅग छातीशी धरलेली असते, आणि पायरी कोठे संपली हे पायालाच कळते. कळव्याहून सरळ ऐरोलीकडे जाता आले असते तर हा पूल, हा फलाट आणि खाडीचे हे दोन फेरे, काहीच लागले नसते. या रस्त्याकडे मला पुढे परत यायचे आहे, कारण माझे सगळे म्हणणे त्यातच आहे.

आता ‘बळ’ या शब्दाविषयी. आपला राग मला समजतो, आणि मूळ लेखात मी बंदर, विमानतळ, शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालये यांचा उल्लेख ज्या क्रमाने केला, त्यावरून तो शब्द उंच इमारतींचा वाटला असेल तर दोष माझ्या मांडणीचा आहे. मला अभिप्रेत असलेले बळ त्याआधीचे आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे हे 34 किलोमीटर अंतर गाडीने कापले, आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रदेशात असे काही घडले जे देशातील इतर मोठ्या शहरांत इतक्या प्रमाणात घडले नाही: कमी पगाराच्या माणसालाही स्वस्त पासावर पन्नास-साठ किलोमीटर परिघातील कोणतीही नोकरी धरता येऊ लागली. गिरणी बंद पडली तर तो ठाण्याच्या कारखान्यात जाऊ शकला, कारखाना बंद पडला तर अंधेरीच्या एमआयडीसीत. बायकांना नर्सिंग, टायपिंग, शिक्षकी, बँक अशा नोकऱ्या घरापासून दूर असूनही करता आल्या, कारण महिलांच्या डब्यातून जाणे घरच्यांना चालत होते. कोव्हिडपूर्वी उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे 75 लाख फेऱ्या होत. एका माणसाच्या आवाक्यात येणाऱ्या नोकऱ्यांची संख्या आणि एका मालकाच्या आवाक्यात येणाऱ्या माणसांची संख्या, हेच या प्रदेशाचे खरे भांडवल आहे. बँका आणि कंपन्या येथे राहिल्या त्या याच कारणाने, समुद्राच्या दृश्यासाठी नव्हे.

हे मान्य केले की आपली तक्रार अधिक धारदार होते, बोथट होत नाही. कारण हे भांडवल आपण खर्चून टाकत आहोत. 9 जून 2025 रोजी सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. ती माणसे कामावरच निघाली होती. जी गाडी या प्रदेशाला पोसते ती तिच्या प्रवाशांना मारत असेल, तर कोणत्याही डॉलरच्या आकड्याला अर्थ नाही, हे आपले म्हणणे मी शब्दशः स्वीकारतो.

मात्र सगळ्याच योजना कपाटात गेल्या, हे मला मान्य नाही. काय झाले आणि काय झाले नाही, हे वेगवेगळे पाहिले तर त्यातून बरेच शिकता येते.

1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची कल्पना मांडली. मुंबई बेटाची रचना उत्तर-दक्षिण अशी चिंचोळी असल्याने सकाळी सगळे दक्षिणेकडे आणि संध्याकाळी सगळे उत्तरेकडे जातात. कामाची ठिकाणे पूर्वेला नेली तरच हा ताण मोडेल, हा त्यामागचा साधा विचार होता. मार्च 1970 मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्रातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. सरकारने स्वतः मंत्रालयासकट तेथे जावे, ही अपेक्षा होती. ते झाले नाही. उलट त्याच दशकात सरकारच्याच परवानगीने नरिमन पॉइंटला भराव टाकून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. एका हाताने नवे शहर आखायचे आणि दुसऱ्या हाताने जुन्या शहराच्या टोकाला कचेऱ्या वाढवायच्या, यात नव्या शहराचा वेळ गेला. रस्त्याचा पूल 1973 मध्ये झाला तरी मानखुर्दहून वाशीला लोकल जायला 1992 उजाडले, आणि नवी मुंबईतील रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला म्हणून ती तेव्हा तरी गेली.

पण याच नव्या शहरात एक गोष्ट जमली, आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. 1980 आणि 1990 च्या दशकांत कांदा-बटाटा, धान्य, मसाले, भाजी आणि फळांचा घाऊक बाजार मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट परिसरातून टप्प्याटप्प्याने वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत (एपीएमसी) गेला. व्यापाऱ्यांचा विरोध होता. माथाडी कामगारांसाठी तर हा जगण्याचाच प्रश्न होता, कारण पाठीवर गोण्या वाहणारा माणूस बाजारापासून तासाभराच्या अंतरावर राहू शकत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 मध्ये माथाडी कायदा झाला होता आणि कामगार संघटित होते, म्हणून बाजाराबरोबर घरांचीही मागणी झाली. कोपरखैरणे, घणसोली भागात माथाड्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. सातारा, पुण्याच्या गावांतून आलेली आणि डोंगरी-मशीदच्या गाळ्यांत दाटीवाटीने झोपणारी माणसे कुटुंबासह स्वतःच्या घरात राहू लागली. काम आणि घर एकत्र हलले. मंत्रालय हलले नाही, पण बाजार हलला, आणि जे हलले त्याने शहर वसवले.

वांद्रे-कुर्ला संकुलाची गोष्ट याच्या उलट आहे. 1977 पासून प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, ते विकसित केले, नरिमन पॉइंटचा भार तेथे वळवला, भूखंडांच्या पैशांतून प्रदेशातील मोठी कामे केली. कचेऱ्यांच्या दृष्टीने ते यशस्वी आहे. परंतु त्या संकुलात रेल्वेसारखी वाहतूक पोहोचली ती मेट्रो 3 चा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर 2024 मध्ये. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत हजारो माणसे कुर्ला पश्चिमेला शेअर रिक्षाच्या रांगेत, पावसाळ्यात गुडघाभर पाण्याच्या कडेने, किंवा वांद्रे पूर्वेला बसच्या दाराशी उभी राहिली. जमीन विकणे आधी आणि माणसाला पोहोचवणे नंतर, असा क्रम लावला की काय होते, ते तेथे दिसते.

आता कळव्याकडे येतो. कळवा आणि ऐरोली यांना जोडणारा उन्नत रेल्वेमार्ग 2016 मध्ये एमयूटीपी 3 या मुंबईच्या उपनगरी रेल्वे प्रकल्पात मंजूर झाला. त्याचा खर्च पाचशे कोटींच्या आसपासचा. तो झाला तर कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा येथून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्यात उतरावे लागणार नाही, आणि ठाण्याच्या पुलावरची गर्दीही तेवढी हलकी होईल. 12 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या समुद्रावरील रस्त्याच्या पुलाचे, अटल सेतूचे, उद्घाटन झाले, तेव्हाच या जोडमार्गासाठी बांधलेले दिघा गाव स्थानकही सुरू झाले. सेतू 21.8 किलोमीटर लांब, सुमारे 17,840 कोटींचा, आणि पूर्ण. दिघ्याचे स्थानक तयार, पण ज्या मार्गासाठी ते बांधले तो मार्ग तयार नव्हता, कारण त्याच्या वाटेतल्या घरांचे पुनर्वसन अडले होते. अटल सेतूला माझा विरोध नाही; त्याने नवी मुंबई जवळ आली आणि तो उत्तम बांधला गेला. पण सेतूचा उपयोग मुख्यतः स्वतःची गाडी असलेल्यांना होतो आणि त्याला टोल लागतो, तर कळव्याच्या मार्गावर मासिक पास चालला असता. प्रदेशाचे बळ स्वस्त पोहोचण्यात असेल, तर कोणते काम आधी पूर्ण व्हायला हवे होते, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. योजनेत हा मार्ग होता. खर्च थोडाच होता. अडली ती काही शे घरांच्या पुनर्वसनाची गोष्ट, आणि ती सोडवण्याची घाई कोणत्याच कार्यालयाला नव्हती.

येथून मी आपल्या तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. नाशिक, संभाजीनगर, नागपूर येथे रोजगार वाढलाच पाहिजे, आणि तेथे जे वाढले ते चांगलेच झाले. पण मुंबईची वाढ थांबवून ते साधेल, हा विचार आपण करून पाहिलेला आहे. 1970 च्या दशकापासून मुंबईत नव्या कारखान्यांना मज्जाव होता. 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा मोकळ्या जमिनी गरिबांच्या घरांसाठी मिळाव्यात म्हणून आला, पण प्रत्यक्षात जमिनी खटल्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकून पडल्या, आणि महाराष्ट्राने तो 2007 मध्ये रद्द केला. या काळात माणसे यायची थांबली नाहीत. घरे बांधायची थांबली. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील दर दहांपैकी चार माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली, आणि आपल्या बदलापूरची सुमारे 98 हजारांवरून 1 लाख 74 हजारांवर गेली. वाढ थांबली नाही, ती ढकलली गेली: परळ, लालबाग, गिरगावातून डोंबिवलीला, तेथून बदलापूरला, आणि ज्यांना तेही परवडले नाही त्यांच्यासाठी शीळफाट्याला. 4 एप्रिल 2013 रोजी तेथे परवानगीविना काही आठवड्यांत उभी राहिलेली सात मजल्यांची इमारत कोसळून 74 माणसे मेली. त्या माणसांना घर हवे होते आणि नियोजनात त्यांच्या ऐपतीचे घर कोठेही नव्हते. नियोजन नको म्हणणाऱ्यांनी ती इमारत डोळ्यांपुढे ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

गिरण्यांचा विषय आपण एका ओळीत काढला आहे, पण तो माझ्या घरातला असल्याने थोडे लिहितो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन नंतर मोकळी होणार होती, आणि एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी विभागणी 1991 च्या नियमावलीत होती. 2001 मध्ये ती फक्त मोकळ्या जमिनीपुरती, म्हणजे जुन्या इमारती सोडून उरलेल्या जागेपुरती मानायची, असा बदल झाला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. योजनेतला एक शब्द बदलला आणि मुंबईच्या मध्यभागी, दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध, जेथे हजारो कामगार कुटुंबे राहू शकली असती तेथे मॉल आणि मनोरे आले. नियोजन कागदावरच राहते, असे आपण म्हणता. मला उलट वाटते. कागदावर काय लिहिले जाते याने आपली आयुष्ये ठरतात, आणि तो कागद लिहिला जात असताना आपण तेथे नसतो.

पाण्याबद्दल मात्र आपण मला निरुत्तर केले आहे. मुंबईच्या सात तलावांना मी ‘दूरदृष्टीचे उदाहरण’ म्हटले होते. 1860 च्या विहारपासून 2014 च्या मध्य वैतरणेपर्यंतची ती साखळी अभियांत्रिकी म्हणून थोर आहेच. पण भातसा, तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे मी लिहायला हवे होते आणि लिहिले नाही. धरणाच्या भिंतीखालून जलवाहिनी जाते आणि शेजारच्या पाड्यावरची बाई हंडा घेऊन डोंगर उतरते. आता ज्या नव्या शहरांची चर्चा आहे, त्यांना पाणी लागेल तेही अशाच कोणत्या तरी तालुक्यातून येईल. पुढच्या योजनेत पाण्याचा आराखडा शहराच्या गरजेपासून नव्हे तर खोऱ्यातल्या गावांच्या हक्कापासून सुरू व्हावा, असे मी आता म्हणेन.

बदलापूरसाठी पाणी म्हणजे पूरही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे 1,050 प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, ते आपण जवळून पाहिले असेल. उल्हास नदीची पूररेषा आणि तिच्याकाठच्या गृहसंकुलांच्या जाहिराती शेजारी ठेवल्या तर 26 जुलै 2005 च्या मिठी नदीच्या पुरातून आपण काय शिकलो, असा प्रश्न पडतो. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तो पुन्हा कोठे पडेल हे कोणी सांगू शकत नाही, पण नदीला पसरायला जागा कोठे लागते हे सांगता येते.

राहिला जमिनीचा आणि निर्णयाचा प्रश्न. सिडकोसाठी 95 गावांनी जमिनी दिल्या, आणि योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये लढताना पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची तरतूद आली. आज अटल सेतूच्या पलीकडे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांत पुन्हा एक शहर आखले जात आहे. तेथल्या आगरी, कोळी आणि आदिवासी कुटुंबांना 1984 ची पुनरावृत्ती नको असेल, तर त्यांचे म्हणणे आराखडा छापून झाल्यावर हरकत म्हणून नव्हे, तो काढताना ऐकले गेले पाहिजे. घटनेत त्याची सोय आहे. अनुच्छेद 243 झेडई प्रमाणे महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या आणि पंचायतींच्या लोकप्रतिनिधींमधून निवडलेले असावे लागतात. पण मुंबई महापालिकेचीच मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई यांचीही तीच स्थिती होती. सुमारे 6,328 चौरस किलोमीटरचा प्रदेश, त्यात नऊ महापालिका, आणि त्याची मोठी कामे ठरवणारी संस्था कोणत्याही मतदाराला थेट उत्तर देत नाही. बदलापूरच्या नगरसेवकाला कळव्याच्या मार्गाबद्दल विचारले तर तो काय सांगणार? ठाण्याच्या पुलावरच्या माणसाचे प्रश्न ज्या टेबलावर सुटतात, त्या टेबलाशी बसणारा त्याचा कोणी प्रतिनिधी असावा, एवढी माझी मागणी आहे, आणि ती मूळ लेखात शेवटच्या ओळीत होती, पण तिची जागा पहिल्या परिच्छेदात असायला हवी होती, हे आपल्या प्रतिक्रियेमुळे माझ्या लक्षात आले.

आपल्या सूचनेनुसार लेखात दोन बदल केले आहेत. सात तलावांचा परिच्छेद शहापूरच्या टँकरांसह नव्याने लिहिला आहे, आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या रेल्वेमार्गाचा उल्लेख घातला आहे, जो मी गाळला होता. एक विनंती आहे. अठ्ठावीस वर्षांत बदलापूरच्या गाड्या, फलाट, वेळा आणि गर्दी कशी बदलत गेली, हे आपण सलग लिहून पाठवावे. आपली परवानगी असेल तर ते मी कोणतीही काटछाट न करता येथे छापेन.